घडाखालचं नाव

अमळनेरच्या बसमध्ये पुना नावाचा कंडक्टर तिकिटं फाडत होता, पण त्याचे कान मागच्या बाकावर होते. खतवाला सोहनलाल शेजारी बसलेल्या सुंदरबाईंना गळ घालत होता.

"अक्का, सरकारी पुस्तिकेतला तुमचा केळीच्या घडासोबतचा फोटो माझ्या दुकानाच्या कॅलेंडरवर छापू?"

"माले काय इचारस? फोटू सरकारना शे ना?"

"माहिती कार्यालयात विचारून आलो. म्हणाले, छापा, फक्त फोटोखाली आमचं नाव टाका. पण जाहिरात आहे, तर बाईंनाही विचारा."

"खाले सरकारनं नाव?"

"हो."

"आनि मनं?"

"तुमचं कशाला, अक्का? चेहरा दिसतोच की."

"मंग लोक म्हनतीन, घड सरकारनी पिकाडा! मनं नाव सरकारना वर टाक. मंग छाप."