खिडकीतला दोष

...आणि वर म्हणते, "आजोबा, नीट बघा!" आता अजून किती नीट बघायचं? चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, नाक पडद्याला टेकलं... तुम्हाला सांगतो, मला दोन्ही चित्रं सारखीच!

नात माझी व्हिडिओ गेम बनवते. त्यातलं चित्र गुळगुळीत करायच्या चार रीती, त्यातली एक संध्याकाळपर्यंत ऑफिसला कळवायची, आणि निवडणार कोण? तर मी! का, तर चाळीस वर्षं सुतारकाम केलं, कड मला कळते म्हणे. पडद्यावर एक घर, खिडकीशी शिवत बसलेली म्हातारी. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या आजीसारखीच केली होती पोरीने. मानसुद्धा तश्शीच, एका बाजूला.

पहिल्या रीतीत खिडकीची चौकट म्हणजे नुसती करवत, दातेच दाते! सवयीने कडेवरून अंगठा फिरवला, तर पडद्यावर हा एवढा डाग. पुसत बसली बिचारी पोर. दुसरीत दाते गेले, पण सगळं धुरकट, सुईतला दोरा तर गायबच! तिसरीत म्हणे चित्र आधी लहानच काढायचं, मशीनला दम लागू नये म्हणून, आणि मग मोठं करायचं. म्हणजे फळी आखूड कापायची आणि ओढून लांब करायची? अहो, आमच्या मिस्त्रींनी रंधा फेकून मारला असता! "राहिलेलं मशीन अंदाजाने भरतं, आजोबा. नीट बघा!" बघितलं... मुळातलं मोठं चित्र आणि हे ओढलेलं, दोन्ही सारखीच!

चौथी मात्र... चौथी म्हणे मागच्या क्षणांच्या चित्रांतलं थोडं थोडं उसनं घेते. चौकट सरळ, दोरा जागच्या जागी. मग म्हातारी उठली, आत गेली... आणि तिची फिकट सावली, तुम्हाला सांगतो, खिडकीत क्षणभर तशीच बसून राहिली!

"दिसलं ना? हाच दोष हिचा. गेलेलं माणूस मागे रेंगाळतं." बोलून गेली आणि जीभ चावली.

मी म्हटलं, "हीच घे."

"आजोबा, लोक हसतील हो!"

"बरं. परत दाखव."

सात वेळा दाखवली. मग तिने हळूच ऑफिसला तिसरी कळवून टाकली. बरोबरच आहे तिचं, लोकांना स्वच्छ चित्र लागतं. आमच्या घरच्या खिडकीत मात्र तो दोष सहा वर्षं आहे... दुरुस्तीचं तेवढं कुणी नाव काढू नका, म्हणजे झालं!