जवाचं पाणी

...आणि थुंकावं तर समोर जावई, गिळावं तर घसा दार उघडेना, अशी ती बियर माझ्या गालात पाहुणी होऊन बसलेली, आणि जावई विचारतायत, "कशी आहे बाबा?" आता गालात बियर धरून माणूस बोलणार कसा? मी मान हलवली. होकाराची नाही, नकाराचीही नाही, अशी आपली मोघम. तर ते त्या दाढीवाल्याला म्हणाले, "बाबांना आवडली. ह्यांना अजून एक द्या."

तोंडाला फेस येणं म्हणतात ना, तो माझ्या आला. खरोखरचा. मिशीवर बसला होता.

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल, म्हातारा पिणाऱ्यातला दिसतोय. तसंच सगळ्यांना वाटलं, हेच तर दुखणं आहे. म्हणून जरा सावकाश सांगतो, घाई नाही ना कुणाला? मला तर मुळीच नाही, मी आता नुसता फोनजवळ बसून असतो. का ते येईल पुढे.

तर मी कल्हईवाला. होतो. लोकांची तांब्यापितळेची भांडी आतून उजळून द्यायची, भाता मारायचा, नवसागराच्या धुराने डोळे चोळायचे, ह्यात जन्म गेला. मग घरोघरी स्टील आलं आणि माझा भाता खाटेखाली गेला. शाळा काही शिकलो नाही, पण आईने एक गोष्ट शिकवली ती अशी घोटून की आजतागायत उतरली नाही. कुणी काही विचारलं, बसता का, घेता का, जेवता का, की पहिल्यांदा नको म्हणायचं. पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरट. समोरच्याने दुसऱ्यांदा विचारायचं, मग आपण म्हणायचं, "बरं, एवढं म्हणताय तर." तुम्हाला सांगतो, पहिलं नको हे खरं नको नसतंच. ते नुसतं कडी वाजवणं असतं.

आता लेकीकडे आम्ही दोघं गेलो होतो. तिला दिवस गेलेले, आई जवळ हवी म्हणाली. घर छान, वर ती दोघं राहतात, आणि खाली एक खोली रिकामी. पायऱ्या नाहीत, खिडकी अंगणात उघडते, मोरी हाताशी. आमच्या हिने खोलीत पाऊल टाकलं आणि हळूच म्हणाली, "अहो, इथे माझं शिलाईचं मशिन बसेल." पण खिडकीखाली माझी खुर्ची कुठे बसेल ते मी तिच्या आधीच बघून ठेवलं होतं. आमच्या घराला आता आम्ही दोघं आणि जिना एवढेच राहिलो, त्यातला जिना रोज थोडा वाढतो. पण आपण होऊन राहतो कसं म्हणणार? जावयाचं घर. त्यांनी विचारलं पाहिजे.

आणि एक दिवस जावई म्हणाले, "बाबा, आपण दोघंच गाडीने जरा फिरून येऊ. वाटेत छोट्या छोट्या भट्ट्या आहेत, त्या बघू. आणि थोडं बोलायचंही आहे."

भट्ट्या! मला भरून आलं हो. म्हटलं, जावयाला माझ्या धंद्याचं एवढं कौतुक, की कल्हईच्या भट्ट्या दाखवायला नेतायत. आमची ही कानाशी लागली, "बोलायचंय म्हणजे खोलीचंच. नीट वागा. आणि एकदम हो म्हणू नका."

म्हटलं, हे मला सांगतेस?

पण तिने एवढंच केलं असतं तर मी आज इथे असा नसतो. त्याच्या आदल्याच दिवशी तिने जावयाला बाजूला घेतलं होतं. काय सांगितलं ते मला पुष्कळ नंतर कळलं. म्हणाली, "ह्यांना जवाचं पाणी लागतं बरं का. सकाळी उठल्या उठल्या एक पेला, नाहीतर दिवसभर तळमळतात. पण मागायची लाज वाटते ह्यांना. तुम्ही द्याल तर आधी नको म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका, आग्रह करा."

आता जवाचं पाणी म्हणजे जव उकळून गाळलेलं साधं पाणी. मला मुतखडा आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, रोज घ्यायचं. पण सासू जावयासमोर मुतखडा शब्द काढणार कसा? तिने पाणी सांगितलं आणि खडा गिळला. आणि जावई शिकलेले. त्यांनी हिशेब केला, जव म्हणजे बार्ली, बार्लीचं पाणी म्हणजे... आणि सकाळी उठल्या उठल्या? आणि तळमळतात? आणि लाज वाटते? मनात म्हणाले असतील, धन्य त्या सासूबाई, किती झाकून सांगतात बिचाऱ्या.

तर ही पहिली भट्टी. आत शिरलो तर कोळसा नाही, भाता नाही, ओली फरशी, भिंतीशी धान्याची पोती, गमबूट घातलेला एक दाढीवाला नळीने जमीन धुतोय, आणि मधोमध हे एवढं मोठं तांब्याचं भांडं. माझा हात आपोआप त्याच्या अंगाला लागला. म्हटलं, "दादा, ह्याला आतून कल्हई दिसत नाही. कळकेल, विटेल की हो सगळं."

दाढीवाला म्हणाला, "आजोबा, आत स्टील आहे. तांबं वरून नुसतं दिसायला."

घ्या. आम्ही जन्मभर आतून कल्हई केली, ह्यांनी बाहेरून केली.

मग त्याने एक लाकडी फळी आणली. फळीला भोकं, भोकांत इवले इवले पेले, एकात फिकट पिवळं, एकात गडद पिवळं, एकात गढूळ. आता मुतखड्याच्या माणसापुढे असे पेले मांडल्यावर त्याला काय आठवेल? मला वाटलं, तपासायला आणलेत. मी हळूच विचारलं, "कुणाचे?"

"तुमचेच," दाढीवाला म्हणाला.

तेव्हा जावयाने कानात सांगितलं, बाबा, ही बियर. माझी कल्हईच उडाली. भट्टी म्हणजे ही भट्टी होय? आणि ज्या सहजपणे ते आत आले होते, ज्या मायेने त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला, त्यावरूनच मी ओळखलं. म्हटलं, आपली लेक दिली ती पिणाऱ्याच्या घरात. मी म्हणालो, "नको." खरं नको हो. आतड्यापासूनचं नको. ते म्हणाले, "घ्या हो बाबा, माझ्यापुढे कसली लाज." झालं की नाही दुसऱ्यांदा विचारून? आता आईची शिकवण कुठे टाकू? म्हटलं, "बरं, एवढं म्हणताय तर."

दाढीवाला म्हणतो, "आधी नाकाने घ्या. ओल्या गवताचा वास येतोय? संत्र्याची साल लागतेय?" मी म्हटलं, लागतेय. न म्हणून काय करता, समोर जावई. मग त्याने पोत्यातला एक दाणा दिला चावायला. तो मात्र गोड लागला, खरंच गोड, कुरकुरीत. म्हटलं, "दादा, दाणा एवढा गोड, पाणी एवढं कडू, मधे तुम्ही करता काय?" तो हसला. जावई नाही हसले. ते माझ्या रिकाम्या पेल्याकडे बघत होते.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. ते स्वतः एक घोट घेत आणि पाठोपाठ छातीवरून हात फिरवत. मी म्हटलं, बघा, किती आवडते ती. छातीला लावून घेतात.

दुसऱ्या ठिकाणी एक बाई होत्या, एप्रन बांधलेल्या, भारी प्रेमळ. म्हणाल्या, "काका, ही आंबट आहे हं. मुद्दाम आंबवलीय."

"मुद्दाम?"

"हो, वर्षभर ठेवली होती."

आता आमच्या घरी काही आंबलं तर आमची ही ते मागीलदारी ओतते आणि वर मलाच बोलते, झाकण तुम्हीच ठेवलं नसेल. आणि इथे त्याच गोष्टीला शाबासकी. मी म्हटलं, नको. जावई म्हणाले, घ्या. मी म्हटलं, बरं, एवढं म्हणताय तर. तुम्हाला सांगतो, दही पितळीत रात्रभर राहून कळकलं की त्याला जी चव येते ना, ती ह्या बाईंनी वर्षभर राबून आणली होती. बाई विचारतात, "कशी आहे?" जावई म्हणाले, "छान." मी म्हणालो, "छान." दोघांचे डोळे भरलेले.

गाडीत मी वाट बघत होतो, आता विचारतील खोलीचं, मग विचारतील. आणि मनात हेही चाललेलं की पिणारे असले तरी वाईट नाहीत हो, उलट आपण तिथे राहिलो तर नजर राहील, लेकीला आधार होईल. म्हणजे खोली मला आता दुप्पट हवी होती. एकदा खुर्चीसाठी, एकदा लेकीसाठी.

तिसरी जागा म्हणजे पूर्वीची लॉन्ड्री. उंच खिडक्या, भिंतीत कपडे टांगायचे हूक अजून तसेच, त्यांवर आता लोकांच्या टोप्या. बियर काळी, विझलेल्या कोळशाच्या रंगाची. निदान रंग तरी ओळखीचा निघाला. बाकावर बसलो. जावई पेला नुसता फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि म्हणाले,

"बाबा, एक विचारू? राग नका मानू."

आलं, म्हटलं, आलं. "विचारा की जावईबापू."

"सोडवेल का तुम्हाला? इतक्या वर्षांचं आहे, अवघड आहे, मला कळतं. पण आता बाळ येणार घरात. तुम्ही सोडत असाल तर... पुढचं सगळं सोपं होईल."

सोडवेल का! काय सोडायचं ते काही बोलले नाहीत, पण मला काय सांगायला हवं? घर. राहतं घर. किती हळुवार विचारलं, म्हटलं. आणि जिभेवर हो आला होता, तुमची शपथ, दाताशी येऊन उभा होता. पण पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नाही. आणि नको म्हणायचं तेही तोंडदेखलं नाही, चांगलं भरघोस म्हणायचं, म्हणजे समोरच्याला आग्रहाला जागा राहते. मी म्हणालो, "छे हो! आता ह्या वयात कसलं सोडतोय? जन्म ज्यात गेला, त्यातच मरायचं. माझ्या वडिलांनीसुद्धा शेवटपर्यंत सोडलं नाही."

जावई म्हणाले, "वडीलही?"

"वडील काय, आजोबाही. आमचं घराणंच तसलं."

"आणि... आई?"

"आई तर सगळ्यांत घट्ट. तिला शेवटी चौघांनी उचलून बाहेर काढावं लागलं."

एवढं बोलून मी थांबलो. आता ते म्हणणार, असं काय करता बाबा, सोडाच. मग मी म्हणणार, बरं, एवढं म्हणताय तर. मी तयार बसलो. हात पुसून, टोपी नीट करून बसलो.

जावयाने काळ्या बियरचे दोन्ही पेले बाजूला सारले आणि आतल्या माणसाला म्हणाले, "पाणी द्या हो. साधं."

आणि परत गाडीत बसलो ते घर येईपर्यंत मी टोपीच नीट करत राहिलो. बियरला दोनदा विचारलं हो त्यांनी. प्रत्येक पेल्याला दोनदा. खोलीला एकदाच.

घरी आमची ही दारातच उभी. "विचारलं?"

"विचारलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"नको."

"शाबास. मग त्यांनी पुन्हा विचारलं?"

मी चपला काढत राहिलो. मला त्या निघेचनात.

नात झाली. गोरीपान, मुठी आवळून आलेली. मी घ्यायला गेलो की जावई अगदी सांभाळून द्यायचे, आणि जवळ वाकून असा श्वास घ्यायचे. मला वाटायचं, बाळाचा वास घेतायत. माझा घेत होते, हे तेव्हा कुठे कळतंय? मग आम्ही आमच्या घरी आलो. जिना होताच.

पुढे एक दिवस लेकीचा आईला फोन, रडत. "आई, बाबांचं हे किती वर्षांचं गं? तू कधी बोलली नाहीस. ह्यांनी त्यांना सोडाल का म्हणून विचारलं, तर म्हणाले, आजीसुद्धा..." आमच्या हिच्या हातातला झारा खाली पडला. मग तिने मुतखडा हा शब्द जो मोठ्याने उच्चारला, तो शेजारच्यांनीही ऐकला. जवाचं पाणी म्हणजे जवाचं पाणी, गं बाई, उकळून, गाळून! आणि लेक म्हणते, "मग ह्यांनी ती बियर उगाचच घेतली? ह्यांना घोटभराने पित्त उठतं. आल्यावर दोन दिवस आडवे होते. बाबांना एकटं वाटू नये म्हणून घेतली म्हणाले."

म्हणजे बघा. त्यांना नको होती, मला नको होती, आणि आम्ही दोघं गाव धुंडत हिंडत होतो, कडू कुठे मिळते म्हणून.

मग जावई स्वतः फोनवर आले. पोटभर हसले, मीही हसलो, डोळे पुसले. माफी मागू लागले, म्हटलं, अहो माफी कसली. मग म्हणाले, "बाबा, खालची खोली अजून रिकामीच आहे. तुम्ही दोघं येता का कायमचे राहायला?"

स्वच्छ विचारलं. काही झाकलेलं नाही, काही आडून नाही. आमची ही समोरून दोन्ही हातांनी खुणा करतेय. आणि मी काय म्हणालो असेन?

तोंडातून निघूनच गेलं हो. "नको नको, तुमचं चालू द्या."

ते म्हणाले, "बरं बाबा. आता नाही मी आग्रह करणार. एकदा केला तेवढा पुरे."

तेव्हापासून इथे फोनजवळ बसतो. आमची ही जवाचं पाणी आणून ठेवते. पूर्वी विचारायची, घेता का. आता विचारत नाही, नुसती आपटते. तूच कर ना त्यांना फोन, म्हटलं, तर म्हणते, "जावयाचं घर. आपण होऊन कसं म्हणायचं?" मी मात्र पक्कं ठरवलंय, ह्यापुढे फोन उचलायचा तो हो म्हणूनच. परवा वाजला. उचलला, म्हटलं, "हो."

समोर कुणी बाई होत्या. म्हणाल्या, "राँग नंबर लागला का?"

म्हटलं, "हो."

त्यांनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.