भुंकणं थांबलं तेव्हा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. काल्याला अजून वेळ आहे, त्याआधी तुमच्यापुढे एक साधा प्रश्न ठेवते. देवासमोर नेम धरून बसलेल्या माणसानं मधेच उठावं, की उठू नये?

तुम्ही म्हणाल, बाई, यात विचारायचं काय? उठू नये! मीही रोज नेमानं बसणारी. मलाही तसंच वाटायचं. पण ऐका.

विदर्भातल्या एका गावात यमूताई राहायच्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. मुलानं जाताना आपला कुत्रा आईपाशी ठेवला — गबरू. अंगावर हे एवढे दाट केस. थंडीत बघावं तर राजबिंडा, आणि वैशाखात बघावं तर घोंगडी पांघरून उन्हात उभा राहिलेला माणूस. आधी आधी यमूताई त्याच्यावर करवादायच्या. मग त्याच्याशी बोलायला लागल्या. भाजीत मीठ जास्त झालं तरी त्यालाच सांगायच्या. घरात दुसरं होतं कोण?

त्या वैशाखात यमूताईंनी नेम धरला. रोज अंघोळ करून, सोवळ्यात, अकरा माळा जप. अकरा पुऱ्या होईपर्यंत मौन, आणि आसन सोडायचं नाही. आता गबरू कुठे सोवळं-ओवळं जाणतो? मांडीवर डोकं ठेवायला येणार. म्हणून जपाच्या वेळी त्याला मागच्या परसात बांधायचं, भिंतीलगत. सकाळी सातला तिथे गार सावली. शेजारी स्टीलच्या वाटीत पाणी. सगळं कसं नीट. सव्वीस दिवस नीट.

सत्ताविसाव्या दिवशी नळाला पाणीच उशिरा आलं. अंघोळ उशिरा, सोवळं उशिरा. बसायला साडेदहा वाजले. यमूताईंनी गबरूला नेहमीच्याच खुंट्याला बांधलं. सावली होती. होती म्हणजे काय — लुगड्याच्या काठाएवढी. पण डोळ्यांना रोजची सवय ना. दिसली, पुरे वाटली.

तिसऱ्या माळेला गबरू भुंकायला लागला.

यमूताईंचं मन हललं. पाहुणा आला? मांजर? की त्याला काही होतंय? आणि लगेच दुसरा विचार आला, की हे विघ्न आहे. तपाला बसलं की परीक्षा येतेच. इंद्र कुणाकडे अप्सरा पाठवतो, कुणाकडे वादळ. मला गरिबाला कुत्र्याचं भुंकणं पाठवलं असेल.

हसू नका. हे त्यांना शिकवलं कुणी? आम्ही कीर्तनकारांनीच की, अशाच जागी उभं राहून.

पाचव्या माळेला भुंकणं बदललं. घोगरं झालं, तुटक झालं. साखळीत अडकून वाटी उलटल्याचा आवाज आला. यमूताई अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या. उठलं तर सव्वीस दिवस वाया. न उठलं तर? मणी पुढे सरकेना, मागेही सरकेना. देवाकडे पाहिलं. डोळे घट्ट मिटून घेतले.

आणि सातव्या माळेला सगळं शांत झालं.

किती बरं वाटलं त्यांना! परीक्षा टळली. नाम कसं सुरात येऊ लागलं. मंडळी, तो दीड माळेचा जप फार गोड झाला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. शेजारी डोमाजी, शेळ्या पाळणारा.

“ताई, अवो ताई! कुत्रं पडलं ना तुमचं!”

यमूताई उठल्या नाहीत लगेच. खरं सांगते. त्यांच्या मनात आलं, ही तरी खरी हाक का? मग माळ हातात घेऊनच धावल्या.

परसात सावलीचा पत्ता नव्हता. गबरू आडवा, जीभ काळीनिळी, तोंडाला चिकट लाळ. यमूताईंनी काय करावं? देवघरातलं तुळशीचं पाणी आणलं. माणसाच्या अखेरीला घालतात तसं त्याच्या तोंडात घालायला वाकल्या.

डोमाजीनं हात धरला. “तोंडात नका ओतू जी, फुप्फुसात जाईन. तो पिऊन नाही रायला. आधी सावलीत घ्या.”

दोघांनी उचलून त्याला ओसरीवर नेलं. यमूताईंनी ओलं गोणपाट आणलं आणि त्याच्यावर पांघरलं. डोमाजीनं ते काढून फेकलं.

“आधीच का कमी पांघरूण हाय त्याले? पोटावर, पायाच्या तळव्यावर पाणी टाका. माठातलं नको, साधं. अन् वारा घाला.”

यमूताई देवाच्या पंख्यानं वारा घालत होत्या. मौन तसंच होतं. मग तोंडातून निघालंच, “मरेल का रे हा?”

“मले काय मालूम. डॉक्टरले फोन केला हाय. तुम्ही हात नका थांबवू.”

जनावरांचे डॉक्टर आले, सलाईन लावलं. संध्याकाळी गबरूनं मान उचलली, वाटीतलं पाणी दोनदा चाटलं.

डोमाजी निघताना म्हणाला, “चला, वाचला. पण ताई, तुमचा नेम तं मोडला ना?”

“ते मला समजत नाही, डोमाजी,” यमूताई म्हणाल्या. “त्याचं भुंकणं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. देव भेटल्यासारखं वाटलं. मग तेव्हा भेटलं ते काय होतं?”

मंडळी, मला एवढंच कळतं, की सावली दिवसभर एका जागी थांबत नाही आणि बांधलेला जीव तिच्यामागे जाऊ शकत नाही. दुपारी या देवळाच्या तापल्या फरशीवर तुम्ही कशा उड्या मारत आत येता, मी पाहते. त्याच उन्हात डांबरी रस्त्यावरून कुत्र्याला फिरवून आणणारेही इथे बसलेत. नावं घेत नाही.

आत्ता सव्वाअकरा झालेत. सकाळी निघताना कुणी परसात, गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये कुणाला बांधून आलं असेल, तर उठा. कीर्तन मोडेल म्हणून लाजू नका. काला मी तुमच्यासाठी काढून ठेवते.

हं, त्या मागच्या बाई उठल्या. वाट द्या त्यांना.