पडद्यापलीकडचे पेशंट

पाय मुरगळलेल्या सुशीलाबाई इमर्जन्सी वॉर्डात एक्स-रेची वाट बघत पडल्या होत्या. शेजारच्या पडद्याआड एक तरुण पोट दुखतंय म्हणून कण्हत होता. सोबत त्याचे मामा होते.

"मामा, आपण केसपेपर काढून आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तिथे रांग मोठी आहे हो."

"असू दे, उभे राहा."

मामा गेले.

"हं, आता खरं सांगा. पोट दुखत नाहीये ना?"

"नाही. लघवीला जळजळतं. पू येतो."

"बाहेर कुणाशी संबंध आला? निरोध होता?"

"आला. नव्हता."

"बरं. नमुना तपासायला पाठवते, इंजेक्शन आत्ताच देते."

"रिपोर्टच्या आधीच?"

"रिपोर्ट घ्यायला परत याल?"

"...नाही."

"म्हणून आत्ता. बायकोलाही तपासायला हवं. त्रास नसला तरी लागण असू शकते."

"ती परवाच माहेरी गेलीय, खडकीला."

"खडकी परदेशात नाही."

"तिला सांगू काय?"

"खरं ते. जीभ अडली तर इथे सांगा, मी शेजारी बसते."



"उद्या आणतो तिला."

मामा केसपेपर घेऊन परतले. पडदा बंदच होता.

"काकू, काय म्हणाल्या हो डॉक्टर?"

"मला ऐकू कमी येतं," सुशीलाबाई म्हणाल्या. "पण डॉक्टर चांगली आहे."