वॉरंटी आणि पायरी

माझा माहेर राजापूरच्या आतल्या अंगाला, भातशेतीवाल्यांत, आनि लग्न करून पन तसल्याच घरात दिली, घरवाला मुंबईला गोदीत होता, तो तिकडेच वारला, मग दोन पोरींना घेऊन मी रत्नागिरीत आले आनि आंब्याचा रस डब्यात भरतात त्या कारखान्याच्या हापिसात झाडूपोछाला लागले. सगळे मावशी म्हनतात. माझ्यापेक्षा म्हातारे पन मावशी म्हनतात, काय सांगू तुम्हाला.

तर एके दिवशी आमच्या हापिसात कॉम्प्युटर आला. त्याला थंडगार खोली, काचेचा दार, चपला बाहेर काढायच्या. आमी मे महिन्यात रसाच्या वाफेत उकडून निघायचो आनि ती पेटी आत थंडीत बसायची. हापिसाच्या साहेबांनी तिची पूजा घातली, भटजी आनला. मी सगळा पुसून-बिसून लखलखीत केला आनि उभी राहिले, तर साहेब हळूच बोलले, मावशी, तुम्ही जरा बाहेर पायरीवर थांबा, शुभकार्य आहे. बिनकुंकवाची ना मी. माझ्या हाताने पुसलेली फरशी चालली, मी नाय चालले. बी.कॉम. झालेला मानूस हो हा! मी गेले पायरीवर.

दुसऱ्या दिवसापासून पेटी मागच्या अंगाने कर्रकर्र करायला लागली. मागे पंखा असतो तिला, आतून तापू नये म्हनून. मी सांगितला, साहेब, पंख्यात कायतरी घासतंय. ते बोलले, तुम्हाला ह्यातलं काय कळणार, तुम्ही फडका मारा. आठ दिवसांनी पंखा थांबला, पेटी तापली, जळका वास सुटला आनि बंद. साहेबांनी आधी माझ्याकडेच बघितला. मावशी, ओला फडका मारलात? मी म्हटला, सुका. ऐकतंय कोन.

पेटी उघडली तर सील तुटनार, सील तुटला की वॉरंटी गेली, म्हनून मुंबईचा इंजिनेर येईपर्यंत थांबायचा. ह्या वॉरंटीचा मला एवढाच समजला, की पंखा आपसूक बिघडला तर कंपनीचा दोष, नायतर मावशीचा. साहेबांचा दोष असा काय त्या कागदात नव्हताच. पानी गेलेला निघाला तर उद्यापासून येऊ नका, साहेब बोलले. मी घाबरले हो, खोटा कशाला सांगू, दोन पोरी शाळेत, मला दुसरा कोन होता.

इंजिनेर आला, एसटीने आंबलेला, सगळ्यांच्या देखत सील काढला, पेटी आडवी केली. आनि टेबलावर पडले तांदूळ. कुंकू लावलेले. साहेबांनी मोठ्या भक्तीने मूठ-मूठ अक्षता टाकलेल्या, त्या वरच्या फटींतून आत गेल्या, पंख्यात जाऊन बसल्या. इंजिनेर बोलला, हे वॉरंटीत बसत नाही. साहेब परत माझ्याकडे वळले, सवय हो! मी म्हटला, साहेब, मी तर पायरीवर होते, तुमीच उभी केलीत. इंजिनेर तेवढा हसला.

आता नवीन पंखा फिरतोय. साहेबांनी माफी-बिफी नाय मागितली, तेवढा मोठा मानूस नाय तो. ह्या दसऱ्याला मात्र गोड आवाज काढून बोलले, मावशी, आत या, एक फूल तुम्ही पण वाहा. मी म्हटला, नको, देव तुमच्या पेटीला सुखात ठेवो, पन मी पायरीवरच बरी. परत काय बिघडला तर मी कुठे होते ते सगळ्यांना माहीत असू दे.