दक्षिण वर असलेला नकाशा

परदेशी शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला आलेल्या दोघी बहिणी बाकावर बसल्या होत्या. धाकटी आपला अर्ज वाचून दाखवत होती. मागे लेकीची वाट बघत बसलेल्या एका शिंपीणबाईंचे कान आपोआप तिकडे लागले.

“‘मला भूगोलच का शिकायचाय? नऊ वर्षांची असताना मी आमच्या ओढ्याचा नकाशा काढला. त्यात दक्षिण वर होती...’”

“थांब. कोणी काढला?”

“ताई, हळू बोल ना.”

“तू तेव्हा माझ्या कडेवर होतीस, शेंबडे! काट्यांत पाय मी फोडून घेतले.”

“पण तू शाळा सोडलीस. नकाशा ट्रंकेत पडून होता.”

“म्हणून उचललास? माझं स्वेटर घेतलंस, कानातले घेतलेस, आता माझं कारणही घे!”

“माझ्याकडे दुसरं कारणच नाही गं. तो बघूनच मला भूगोल आवडायला लागला.”

“मग तसं लिहायचं की! हात झिजला असता? बरं, आत विचारतील, दक्षिण वर का? काय सांगशील?”

“...चुकून?”

“चुकून म्हणे!”

दार उघडलं, धाकटीला हाक आली. ती उठली. थोरलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. धाकटी दारापर्यंत पोचली, तशी थोरली ओरडलीच.

“ए! दक्षिणेकडे चढ होता. कागदावरसुद्धा पाणी वरून खाली यायला हवं होतं मला. आणि ‘मला’ म्हणजे कोणाला, तेही सांग त्यांना!”

दार लागलं. थोरली तरातरा गेली आणि दाराला कान लावून उभी राहिली.