चालत्या कर्नेलमध्ये हात

हॅलो?… कोण, दिपेश? जोरात बोल रे, इथं गावी शेणव्याला दादाच्या हळदीचा बेंजो वाजतोय… काय अडकलं?… रक्तपेढीचं मशीन? कुठली पिशवी कुठं ठेवलीय, ते दाखवणारं?

काय केलंस तू?… नाय, नाय, आधी सांग, काय केलंस?… माझा प्रोब टाकलास? चालत्या कर्नेलमध्ये, मशीनच्या गाभ्यातच? अरे, ऑफिसच्या मशीनवरसुद्धा नीट तपासला नाय अजून मी तो!… हो, मशीन स्लो का चालतंय तेच बघायला बनवला. पण मी परत आल्यावर टाकायचं ठरलेलं ना?

आये, थांब गो! दादाला म्हणावं, बस पाटावर, मी आलेच.

हां, बोल. कुठं लावलास?… डिस्कवर लिहिलं जातं तिथं? आणि त्याची नोंद कुठं जाते?… त्याच डिस्कवर? दिपेश! अरे, मशीन एक ओळ लिहितं, प्रोब तिची नोंद लिहितो, मग त्या नोंदीची परत नोंद… संपेल कधी ते? गुदमरणारच ना मशीन!

रडू नको. टाइप होतंय का काय?… हळू तर हळू. बाहेर काढ तो प्रोब. आर, एम, एम, ओ, डी… स्पेस… नजर. हो, प्रोबचं तेच नाव. एंटर मार… आता हात लावू नको. अरे, वायर उपटू नको, सगळा डेटा जाईल!

कोण ओरडतंय मागं?… बाळंतिणीचा माणूस? रक्त पायजे तिला? ओ निगेटिव्ह?… मग वाट कसली बघताय? फ्रीज उघडा, हातानं शोधा! एकेक पिशवी बघायला सांग तिथल्या रक्तपेढीच्या बाईंना…

मिळाली?… ओ निगेटिव्हच ना? नीट वाच… नेली?… हं.

आणि मशीन?… सुटलं? बरं.

आता सांग, कुणी टाकायला लावला प्रोब?… आपल्या सरांनी? आणि रक्तपेढीला काय सांगितलं?… मितालीच प्रोब टाकून गावी पळाली, असं? म्हणजे मी?… काय? सर पण कॉलवर आहेत? ऑफिसातून ऐकतायत?

बरं झालं. सर, मी यायच्या आधी नको म्हटलेलं. तुमच्या तोंडावर म्हटलेलं… नाय, लग्नानंतर नाय बोलायचं. तुमी आत्ता त्यांना फोन करा न् खरं सांगा. माझं नाव कशाला घातलंत मधे? त्या बाळंतिणीला काय झालं असतं तर?… सर?… हॅलो? हॅलो?

ठेवला!

आये, लावा गो हळद तुमी. मला अजून एक फोन करायचाय… रक्तपेढीला.